ढोलाच्या आत

डिसेंबरचा तिसरा रविवार, सकाळचे सात.
सेमिनरी हिल्सवरून उतरलेली थंडी
कॉलेजच्या मैदानावर अजून बसून आहे
आणि आम्ही माजी विद्यार्थी
मफलर, मधुमेह, कमरेचे पट्टे सांभाळत
जुन्या बॅण्डची रांग लावतोय.

घोरमाडेने दात नवे बसवले, तेव्हापासून
त्याला कॉर्नेट फुंकता येत नाही. तो झांजा धरतो.
लोणारे मार्चमध्ये गेला.
त्याची जागा एक पाऊल रिकामी ठेवायची,
कारण इग्नेस मास्तर म्हणायचे,
माणूस सुटला तरी अंतर सुटता कामा नये.
कामठीहून सायकलने यायचे मास्तर,
कॅरिअरला छडी बांधून.

हत्ती मात्र नाही आज.
हत्ती म्हणजे आमचा मोठा ड्रम.
नोव्हेंबरात त्याचं पान फाटलं,
वर्गणी काढून मोमिनपुऱ्यात टाकलाय दुरुस्तीला.

तोवर तर्री-पोहे.
तोवर मी, दरवर्षीसारखा,
नव्या पोरांना चौऱ्याऐंशीचा सव्वीस जानेवारी सांगतो:
कस्तुरचंद पार्क, सलामी मंचापुढे हत्तीचा पट्टा तुटला,
मी गळ्यातला टाय सोडून बांधला,
एक ठोका चुकला नाही.
पोरं ऐकतात. ऋजुता टितरमारे जरा जास्तच ऐकते,
कारण यंदा हत्ती तिच्या छातीवर आहे,
आणि घोरमाडे तिला तीनदा म्हणालाय,
आमच्या काळी पोरी नव्हत्या उचलत.

दहाला इक्रामभाईंचा फोन.
"साहब, एक बार आ के देख लो.
अंदर तो पूरी हजेरी लिखी है."

आम्हाला ठाऊक होतं, तरी विसरलो होतो.
चामड्याचं पान होतं तेव्हा दर उन्हाळ्यात उघडायचे,
ज्याने परेडला वाहिला त्याने आत नाव लिहायचं, पेन्सिलने.
मग प्लास्टिकचं पान आलं
आणि तीस-पस्तीस वर्षं आत कोणी डोकावलं नाही.

ऋजुताने मोबाइलचा टॉर्च लावला.
लाकडाला जुन्या सरसाचा वास.
त्र्याऐंशी: वि. म. नंदेश्वर. हा मी.
पंच्याऐंशी: वि. म. नंदेश्वर. हाही मी.
मधे, बारीक, ठळक, न डगमगलेल्या अक्षरात:
कु. प्रमिला उमाठे, बी.एस्सी. भाग दोन.
एक दिवस. २६ जानेवारी.

इक्रामभाईंनी चहा सांगितला.
घोरमाडे माझ्याकडे बघेना.
कावीळ झाली होती मला त्या महिन्यात.
मेयोच्या खाटेवर, उकडलेल्या बटाट्यांवर होतो मी.
पट्ट्याची गोष्ट मला लोणारेने सांगितली, उशाशी बसून,
आणि कधी ती माझी झाली, खरंच सांगतो,
तो दिवस मला आठवत नाही.

नंबर काटोलच्या एका शाळेतून मिळाला.
स्पीकर ऋजुतानेच लावला.
"हत्ती आहे काय अजून?
मला वाटलं, भंगारात गेला असंल.
नंदेश्वर? कावीळवाला? बरा आहेस न बे?"
मी म्हटलं, पट्टा.
"हो न, तुटला. ओढणी बांधली मी.
नवीन होती, आईनं मारलं घरी गेल्यावर.
त्या पोरीला सांग, डाव्या खांद्याखाली रुमाल घाल,
नाहीतर महिनाभर वळ राहते."

मग ती बराच वेळ
संत्र्यांच्या भावाबद्दल बोलत राहिली.

इक्रामभाई पान ताणायला बसले.
"रुकिए," ऋजुता म्हणाली, आणि कानामागची पेन्सिल काढली.
परेड व्हायची आहे अजून, नियमाने आधी लिहीत नाहीत,
हे माझ्या तोंडावर आलं होतं.
मी टॉर्च धरला.