मानशीवरचा गुणो

दुर्भाटच्या धक्क्याअलीकडे, खाजनाच्या बांधावर
गुणो मानशीची दारं राखतो.
भरतीला बंद, सुकतीला उघडी,
आणि मधल्या वेळात गोष्ट.

आवाज म्हणाल तर फुटक्या डब्याचा.
पुढचे दोन दात नाहीत, त्यामुळे ‘स’ वाऱ्यावर जातो.
हातवारे नाहीत. एका हातात जाळं विणायची सुई,
दुसऱ्यात विडी, बहुतेक वेळा विझलेली.
तरी फेरीबोटीतून उतरलेला रुझार पोदेर
सायकल स्टँडला न लावता तशीच धरून उभा राहतो,
पाव निवले तरी.

एकदा मी त्याची गोष्ट फोनवर टिपून घेतली.
सव्वीस मिनिटं. त्यात गुणो असेल नऊ.
बाकी पाणी, टिटवी, काडी ओढल्याचा आवाज,
आणि ‘मागीर?’ सात वेळा.
एक ‘मागीर?’ कुणाचं ते ओळखू येईना.
माझंच होतं.

नातवाला मी तीच गोष्ट सांगितली, एक शब्द न गाळता.
बत्तीस वर्षं मास्तर होतो, उच्चार स्वच्छ.
तो झोपला.

काल मगरीची होती. आमच्याकडे मांगें.
‘बाई बांधावरून येत होती. काळोख.
पायाखाली बांध होता.
मग बांध हलला.’
आणि थांबला.
सुईत दोरा ओवू लागला. जाईना. थुंकी लावली. जाईना.
फळ्यांना पाणी लागत होतं.
मी पाय वर घेतले.

‘लुगडं कसलं गे तिचं?’
विसरल्यासारखं त्यानं मोगूला विचारलं.
तिसऱ्या निवडत बसलेली, कुणाशी न बोलणारी मोगू
चटकन म्हणाली, ‘हिरवं. काठ उसवलेलं.’
जणू तिच्याच दोरीवर वाळत होतं.
‘तेंच,’ गुणो म्हणाला,
‘उसवल्या काठातच तर दात अडकला.’
मोगूचा हात शिंपल्यांत राहिला तो राहिलाच.

तेवढ्यात सुकती लागली.
गुणो उठला, दारं ओढायला गेला,
वाक्य अर्धं टाकून.
बाई तिथंच, एक पाय मांगेच्या पाठीवर.

वाटेत रुझारनं विचारलं,
‘सुटली असेल ना हो ती, मास्तर?’
मी म्हटलं, ‘अरे, गोष्ट ती.’
आणि बॅटरी मारून
आधी बांध नीट पाहून घेतला,
मग पाय ठेवला.