पाठीवरचं नाव

नवरात्राला सहा दिवस उरलेले.
दुकानात चनियाचोळ्यांचा डोंगर, आरसे टाचायचे बाकी,
आणि ही दांडिया बाजारातल्या माझ्या उंबऱ्याशी
बूट काढून उभी.
शिंपिणीच्या दुकानात कोण बूट काढतं?

नवरा हालोलच्या कारखान्यात, ही व्यायामशाळेत ज्युदो शिकवते.
पोरी तिला मीराबेन म्हणतात.
खरं नाव मी-रान. आडनाव ओक.
म्हटलं, आमच्या गल्लीत दोन बिऱ्हाडं आहेत ओकांची,
तर हसली, एकाच बाजूने. दुसरी बाजू
कुणाच्या तरी कोपराने केव्हाच गप्प केलेली.

पिशवीतून जाकीट निघालं. जाकीट कसलं, गोधडीच.
तांदळाचे दाणे एकाशेजारी एक रोवावेत तशी वीण.
बाही उसवली होती.
माझी सोळा नंबरची सुई पहिल्याच टाक्याला मोडली.
अठराची लावली. ती बोलत राहिली
तिच्या मोडक्या हिंदीत, मी माझ्या मोडक्या हिंदीत हूं हूं,
आणि बाकीचं शिवणीवरून वाचत गेले.

डावी कॉलर तीनदा बदललेली; समोरची बाई तिथेच धरते.
काखेत निराळा दोरा, जाड, काळा,
बुडापेस्टच्या हॉटेलात रात्री स्वतः घातलेला.
टाके वेडेवाकडे. मी काही बोलले नाही.
गळ्याशी तपकिरी डाग.
कुणाचा, तिलाही आठवत नाही.

बावन्न किलो.
एवढ्यात तिची अकरा वर्षं.
वजनाच्या आदल्या रात्री प्लॅस्टिक चढवून दोरीवर उड्या,
तोंडातलं पाणीसुद्धा पेल्यात थुंकून टाकायचं.
एकदा काटा पन्नास ग्रॅम वर गेला
तेव्हा तिने केस कापले, तिथेच, नखं कापायच्या कात्रीने.
मी गळ्यातली टेप काढली
आणि उगाच माझी कंबर मोजली.

शेवटची कुस्ती
(कुस्ती म्हणायचं नाही, ती दोनदा म्हणाली,
पण माझ्याकडे दुसरा शब्द नाही)
बरोबरीत सुटली.
मग कोपऱ्यातल्या दोघांनी झेंडे उचलले:
एक पांढरा, एक निळा.
मधल्याने क्षणभर उशीर केला. निळा.
"मी पांढऱ्यात होते," ती म्हणाली,
आणि बशीतला चहा संपवला.
बशीत ओतून प्यायला तिला कुणी शिकवलं, देव जाणे.

बाही झाली. तर म्हणते, आता पाठ.
पाठीला काय धाड भरलीय? चांगली शाबूत होती.
मोठा चौकोनी तुकडा, देशाची तीन अक्षरं, खाली तिचं नाव.
काढून टाक, म्हणाली.
जाकीट किंजल मोहितेला द्यायचंय.
तीच ती, जिचा बाप रावपुऱ्यात सेव-उसळीची गाडी लावतो.
एक्कावन्न भरते.

ब्लेडने एकेक टाका तोडला. तासभर गेला.
बाहेर एक गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलं.
तुकडा निघाला तेव्हा खालचं कापड
असं पांढरं, की बाकीचं सगळं जाकीट एकदम पिवळं दिसलं.
भोवती भोकांची रांग. धुऊन जाईल, म्हटलं. खोटंच.
पोरीचं नाव घालून देऊ का तिथे? पैसे नकोत.
नको, म्हणाली. ते तिचं ती आणेल.

पैसे मोजून ठेवले, बूट चढवले, वाकून गेली.
तुकडा टेबलावरच राहिला. विसरली म्हणावं तर
पिशवी दोनदा तपासून गेलेली.

आता त्यात मी सुया टोचते, अठराच्या. जाड आहे, धरून ठेवतो.

पहिला महिनाभर म्हणे ती पोरींना फक्त पडायला शिकवते.
मान आत, हात सपाट आपटायचा.
सकाळी शटर वर करते तेव्हा
मागच्या गल्लीतून ऐकू येतं,
थाप.
मग बराच वेळ काही नाही.
थाप.