बॅरल क्रमांक चौदा

जतचा टँकर आला मंगळवारी, आठव्या दिवशी.
बुधवारी मी गेले, हातात बॅटरी, पिशवीत गेरू,
सांगायला, की भरलंय ते ओतून द्या.

करंडेवस्तीवर सोळा उंबरे.
बॅरलं द्राक्षाच्या औषधाची,
निळी, उन्हानं पांढुरकी पडलेली,
आतून चुन्यानं तीनदा धुतलेली.
मी वाकते. बॅटरीआधी माझी सावली पोचते
नि सगळं पाणी गप्प होतं.
मग थांबायचं. मनात शंभर मोजायचे.
एकेक वर येते, शेपूट वर, डोकं खाली,
श्वास घ्यायला.

"दिसलं काय?" शिवलिंगव्वा.
"दिसलं."
"किती?"
"आहेत."
"मग आमी बी हायच की."
आणि बॅरलच्या तोंडावर दोन्ही हात आडवे.

गेल्या साली मलकारीची पोर
नऊ दिवस मिरजेला, सिव्हिलात.
पेशी वीस हजारांवर उतरलेल्या.
हे मी बोलले नाही. ही तिची आत्या.
उशाशी हीच बसली होती.

शेवटी तिनंच जुनेर आणलं,
चार पदरी घडी करून
शेजारच्या रिकाम्या बॅरलला बांधलं.
तांब्या तिचा, तांब्या माझा,
उन्हं कलली तरी चाललंच होतं.
फडक्यावर उरलं ते अंगणात झटकलं,
कोंबड्या धावल्या.
मग रिकामं बॅरल काथ्यानं घासलं,
कारण अंडी काठाला चिकटून राहतात,
कोरडी, महिनोन्महिने,
टँकरची वाट बघत. आमच्यासारखीच.

फॉर्मात रकाने: ओतले. औषध टाकले. गप्पी सोडले.
गाळले, असा रकाना नाही.
मी 'ओतले'वर खूण केली
आणि सही जरा बारीक केली.
दाराशी गेरूनं तारीख लिहिताना ती म्हणाली,
"चौकोन सरळ काढ गं, उद्या पावणं येणारेत."

नमुन्याची बाटली घरी देवळीत ठेवली.
आत सात. त्यातले दोन कोष,
स्वल्पविरामासारखे वाकडे.
जीप शुक्रवारी येते.
रात्री लाइट गेली. पोरगा मोबाइल धरून उभा,
"आई, एक उभी राहिली बघ."

खरंच. पाण्यावर स्वतःचीच कात अंथरून
तिच्यावर उभी होती,
पायांना पांढरे पट्टे,
पंख वाळवत.

झाकण पुन्हा आवळलं.
लेबलावरचे सात खोडायला पेन काढलं,
मग सातच राहू दिले.