एक कुठे गेला

कालिन्यात रेकॉर्डिंगला बसलं
की आधी आभाळाकडे कान द्यावा लागतो.
दर तीन मिनिटांनी एक विमान छतावरून पोट घासत जातं,
आजगावकर बाई खडू हवेत धरून थांबतात.
आवाज विरला की पुन्हा, "तर..."

हे "तर" मी कापते.
माझं कामच ते.
सूचना भिंतीवर चिकटवल्यात:
व्हिडिओ सात मिनिटांच्या आत.
शांतता दोन सेकंदांच्या वर नको.
खोकला, पाण्याचा घोट, "हं, कुठे होतो आपण" नको.
शेवटी परवान्याची पाटी:
कोणीही घ्यावं, वाटावं, कापावं, जोडावं.

चौतीस वर्षं बाईंनी संख्याशास्त्र शिकवलं.
पहिल्या दिवशी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या,
"ह्याची मान हलत नाही गं.
कळलं की नाही, मला कसं कळायचं?"
मग मीच कॅमेऱ्यामागे उभी राहून
सगळं सत्र मान हलवत राहिले.
मला काहीही कळत नव्हतं.

मार्चात एक व्हॉइस मेसेज आला. रात्री बारा दहाचा.
शबीना तुंगेकर, मानखुर्द, दुसरं वर्ष.
आवाज पांघरुणातून आल्यासारखा, घर झोपलेलं असणार.
"मॅडम, नवव्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला
खाली एन आहे. मग एकदम एन वजा एक आहे.
चार वेळा पाहिलं, दोनदा हळू करून.
एक कुठे गेला?
फोन भावाचा आहे, साडेअकरानंतर मिळतो,
म्हणून आत्ता विचारते. सॉरी."

मी कच्चं चित्रण उघडलं.
बाई भागाकार मांडतात, खाली एन लिहितात,
दोन पावलं मागे येतात
आणि गप्प.
चार सेकंद. नऊ.
गॅस बंद केला की नाही हे आठवताना
आपण कुलूप लावलेल्या दाराकडे बघतो,
तशा फळ्याकडे बघतात.
अकराव्या सेकंदाला:
"थांबा. चुकलं माझं."
तळव्यानंच पुसतात, डस्टर शेजारी असून.
"सरासरी आपण ह्याच आकड्यांतून काढली ना?
मग बाकीच्यांनी हवं तसं वागून घेतलं
की शेवटच्याला काही निवडताच येत नाही.
बेरीज जुळवायला तो बांधलेला.
त्याला मोकळा धरायचा नाही. म्हणून एक वजा."
वरून विमान.
साडीवर खडूचा पांढरा पंजा.

हे सगळं मी कापलं होतं.
अठ्ठेचाळीस सेकंद, विमानासकट.
व्हिडिओ सहा बावन्नमध्ये बसला म्हणून
त्या दिवशी शाबासकीही मिळाली होती.

मानखुर्दचं ते घर मी पाहिलेलं नाही.
भावाची मॅच, अब्बांची रात्रपाळी,
धाकटीचा चित्रकलेचा गृहपाठ,
सगळ्यांचं बसवून झालं की उरेल ती वेळ तिची,
असं मी आपलं मनानंच मांडते.
तिला मुक्त शिक्षणाची विद्यार्थिनी म्हणतात,
ओळखपत्रावर तसं छापलंय.

पाटीवर लिहिलंच होतं, जोडावं.
जोडलं.
खोकलासुद्धा ठेवला, एक.
व्हिडिओ आता सात मिनिटं चाळीस सेकंद,
तक्त्यात माझ्या नावापुढे लाल खूण.
उद्या कोणीतरी विचारेल,
मी विमानाचं कारण सांगेन.

बाईंना फोन करून सगळं सांगितलं,
त्यांची चूक मी लपवली होती तेही.
पलीकडे शांतता.
किती सेकंद, मोजली नाही.
मग म्हणाल्या,
"चार वेळा पाहिलं तिनं?"