सिंगल फेज

मंगळवारी उठलो तर उजवा कान गेलेला.
दुखलं नाही, खुपलं नाही.
आत नुसती एक मोटर घुमत होती,
एक फेज उडाल्यावर घुमते तशी,
जागची हलत नाही, तापत राहते.

मळ असेल, म्हटलं.
केमिस्टने थेंब दिले.
तीन दिवस कापूस कोंबून वाइंडिंग करत बसलो,
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
बत्तीस वर्षं
स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागे टेकवून
बेअरिंगचं दुखणं ओळखणारा मी.

चौथ्या दिवशी नौपाड्यात घाणेकर डॉक्टरीणबाईंनी
एक लोखंडी चिमटा कोपरावर आपटला,
माझ्या कपाळावर टेकवला.
"कुठे वाजतं?"
"डावीकडे."
त्या गप्प झाल्या.
मलाही कळलं, बेअरिंग नाही, आतली तारच.
"थेंब फेका. मंगळवारीच का नाही आलात?"

मग सकाळी वीस-वीसच्या तीन गोळ्या.
साखर दोनशे ऐंशी.
रात्री दोनला मी माळा आवरायला काढला.
मग पडद्यातून सुई,
अर्धा तास कुशीवर, बोलायचं नाही, गिळायचं नाही.
वार्निश मुरेपर्यंत आर्मेचर हलवायचं नसतं,
हे मला कोण शिकवणार?

"परत येईल?"
"तिघांतल्या एकाचं बहुतेक सगळं येतं.
एकाचं अर्धंमुर्धं.
एकाचं नाही येत.
हा ढोबळ हिशेब. तुमचा मला माहीत नाही."
लाल, पिवळा, निळा.
तीन हात नाक्यापर्यंत चालत आलो,
आपली वायर कुठली ते ठरवत.

सतराव्या दिवशी
वनमाला उजवीकडून काहीतरी म्हणाली,
पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं.
"काय?"
"मीठ संपलंय."
"पुन्हा म्हण."
"मीठ."
"पुन्हा."
पाचव्यांदा ती चिडली.
तेही ऐकू आलं.

कागदावरची उजवी रेघ
चार पायऱ्या चढली आणि तिथेच बसली.
रिक्षाचा एकच हॉर्न आता
दोन कानांत दोन पट्ट्यांत वाजतो.
स्क्रू ड्रायव्हर डावीकडे लावतो,
हाताला अजून सवय नाही.
पोऱ्या बघतो, विचारत नाही.

रात्री डावा कान उशीत दाबून
उजव्याची परीक्षा घेतो.
पंखा ऐकू येतो. जरा घासतोय.
बेअरिंग गेलंय
की हा कानच तसा ऐकतोय,
अंधारात सांगता येत नाही.
सकाळी खोलून बघेन.