घोड्यांचे रंग

खालिउनला घोड्यांचे चाळीस रंग तोंडपाठ.
कुम्मैत, अबलख, बोरा,
चार पाय नि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी.
बाबांनी मोजायला शिकवलं ते रंगांवरूनच,
आकडे मागाहून आले.

त्या उन्हाळ्यात गवत धड उगवलंच नाही.
मग बर्फ पडला, वितळला, पुन्हा गोठला,
होत्या नव्हत्या काड्यांवर
काचेचं झाकण बसलं.
घोडे खुरांनी खरवडत राहिले.
मार्चमध्ये बाबांनी मोजदाद केली,
आकड्यांत.

आता उलानबातरच्या उतारावर त्यांचा तंबू,
तंबूला तंबू लागून,
प्रत्येकाच्या डोक्यावर कोळशाचं धुराडं.
धाकटा दुलगून रात्रभर खोकतो.
खालिउन अंधारात मोजत पडते
दोन ढासांमधलं अंतर.

शाळेत बाई विचारतात,
आभाळाचा रंग कोणता?
पोरं वर न बघताच ओरडतात: निळा!

खालिउन उठते, खिडकीची काच
बाहीने पुसते,
बराच वेळ बघते, बाबा बाजारात
जनावर बघायचे तसं.

"करडा," ती म्हणते.
"आयाळ पिवळट. धाप लागलीय.
हा वसंत काढणार नाही."