मोजणी

नगरपालिकेच्या कागदावर कोंड
अंगठ्याखाली मावतो.
चार रस्ते, एक टेकडी, लाल पेन्सिलीची कड.
येरेवानच्या ऐन पोटात,
आणि तरी पाडायच्या यादीत.

मला दिली फीत, खुंट्या
आणि शनिवारपर्यंतची मुदत.

पहिल्याच गल्लीत फीत अडली.
सेद्राक चांभाराचं छप्पर
म्हणजे वरच्या आरुस्याकचं अंगण,
डब्यांत टोमॅटो लावलेले.
ही जागा कुणाच्या नावावर धरू?
"गळायला लागली की त्याची," ती म्हणाली,
"ऊन पडलं की माझी."
मी वहीत दोन्ही लिहिलं, दोन्ही खोडलं.

मग तिने कॉफी ठेवली.
"कागद सपाट असतो, पोरा.
तू वरून बघतोस, पाखरासारखा.
पाखराला कुठे चढ लागतो?
चाळीस वर्षं खालच्या नळावरून पाणी वाहिलंय मी.
तुझ्या आकड्यात माझा चढ धर."

खरं होतं. आमच्या विद्येत
उतार आडवा पाडूनच मोजतात;
टेकडी जितकी उभी
तितकी कागदावर कमी भरते.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं,
पूर्ण गुण मिळाले होते.

हद्द विचारत फिरलो.
भट्टीवाली म्हणाली, माझी उधारी चालते तिथवर.
सोंगट्या खेळणाऱ्यांनी मान वर केली नाही;
दोनशे पावलं खाली उतरायची तरी
ते "शहरात जातो" म्हणतात.
नऊ वर्षांच्या वाहानने खडूने रेघ मारून दाखवली:
इथून पुढे त्यांचा कुत्रा.

शुक्रवारी सेद्राक गेला.
गल्लीच्या वळणात शवपेटी बसेना,
म्हणून वर घेतली, त्याच्याच छपरावरून,
आरुस्याकने डबे बाजूला सरकवले,
एक रोप मोडलं, ती काही बोलली नाही.
भिंतींना हात लावत उतरलो.
मधेच कुणीतरी मागे न बघता
आपली जागा मला दिली.
पेटी जड होती. चांभार किडकिडीत होता,
उतार जड होता.

खाली जर्दाळूच्या झाडाशी
काळी गाडी उभी होती, मागचं दार उघडं टाकून.
गाडीला त्याच्या वर येताच येत नाही.
तिथे सगळ्यांचे खांदे
एकदम रिकामे झाले.

माणसं पांगल्यावर
एक खुंटी मी तिथे ठोकली.

सोमवारी साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं:
ही हद्दीबाहेर जाते, तीस मीटर.
मी म्हटलं,
उतार धरून मोजा.